पानं उलटणारा

नऊ वर्षं मी व्हीबकेच्या डाव्या अंगाला बसलो.
श्ट्रालझुंडच्या चर्चमध्ये, कोट न काढता.
काम एवढंच: तिची मान जराशी हलली
की उठायचं, वरचा कोपरा चिमटीत धरायचा,
पान उलटायचं,
आणि पुन्हा नसल्यासारखं व्हायचं.

ती हार्पसिकॉर्ड वाजवायची. गाणाऱ्यांच्या मागे,
व्हायोलिनांच्या मागे, खांबाच्याही मागे.
कागदावर तिला खर्जाची एकच ओळ
आणि ओळीखाली आकडे: सहा, सात, चार-दोन.
बाकीचं सगळं त्या क्षणी बोटांतून काढायचं,
कुणाच्या ध्यानात येणार नाही इतपतच.
मध्यंतरात लोक कॉफी प्यायचे. ती तारा लावायची.
ओलसर हवेत त्या वाद्याचा सूर
तासभरसुद्धा टिकत नाही.

चर्चचे स्पीकर दुरुस्त करायला आलेला याल्मार म्हणाला,
शनिवारी चल,
रशियनांनी टाकून दिलेल्या धावपट्टीवर.
आम्ही गेलो. मी शेकोटी शोधली.
ती दोन तास एका काळ्या खोक्यापुढे उभी,
तळवा त्याच्या लाकडाला टेकवून,
ताप बघावा तसा.
परतताना गाडीत म्हणाली,
"तिथं माझंच काम चाललंय.
फक्त पुढे आणून ठेवलंय."

त्यानंतर हार्पसिकॉर्डच्या झाकणावर यंत्रं आली,
वायरी आल्या, शेजाऱ्याची चिठ्ठी आली.
एका ठोक्यासाठी तिनं अख्खा नोव्हेंबर घालवला.
एक ठोका, तीन खर्ज.
एक ठोका, तीन खर्ज.
मिनिटाला एकशे पंचेचाळीस,
आणि त्यावर काय उगवेल ते त्या रात्री बघायचं.
पोस्टरवर नाव लावलं: झिफर,
म्हणजे आकडा.
चर्चच्या मंडळानं आभाराचं पत्र पाठवलं
आणि किल्ली परत मागितली.

आता पोर्तुगालचं तळं, नेगेवची वाळू,
हंगेरीत एकदा गारपीट.
मी गाडी चालवतो, केबली गुंडाळतो,
आठाच्या आकड्यात, म्हणजे पीळ पडत नाही.
कुणी विचारलं, तुम्ही काय वाजवता,
तर म्हणतो, काही नाही.

एकदा फ्राउ ओडेब्रेख्त आल्या. तिच्या गुरू.
वय त्र्याऐंशी, तपकिरी कोट, कानांत मेण.
पहाटे पाचला घडीच्या खुर्चीत बसल्या,
डोक्याला शिंगं बांधलेल्या एका पोरानं
त्यांना चहा आणून दिला, गुडघ्यांवर पांघरूण घातलं.
चाळीस मिनिटं त्या हलल्या नाहीत.
मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील.
व्हीबके खाली उतरली, घामेघूम,
पुन्हा बारा वर्षांची.
"तिसरा खर्ज लवकर येतो," त्या म्हणाल्या.
"केसभर."
आणि पोराकडे आणखी साखर मागितली.

घरी येऊन व्हीबकेनं मोजलं.
चार मिलिसेकंद. म्हातारीचं बरोबर होतं.
दोन दिवस ती त्या स्वरापाशी बसून राहिली,
आणि मग तो तसाच ठेवला.
का, ते मी विचारलं नाही.
पानं उलटणाऱ्यानं विचारायचं नसतं.

इथं पानं नाहीत.
तरी उजाडता उजाडता एक वेळ येते,
झाडांच्या शेंड्यांना राखाडी रंग चढतो,
आणि ती खर्ज अलगद काढून घेते.
जमीन जाते. हजारो पाय
कुठं पडायचं ते विसरतात.
दोन बोटांत ती एक बटण फिरवत असते,
हळू, फारच हळू,
आणि तिची मान जराशी हलते.

केबलींच्या पेटीवरून मी उठतो.
हात वर जातो, चिमट मिटते
काहीच नसलेल्यावर.

मग खर्ज येतो. तिसरा केसभर आधी.
मी बसतो.
खालची पेटी थरथरत असते.